सुंदरबाईचा वरचा बांध

सुंदरबाईच्या पोटात दुखायचं. ह्या दुखण्यावर सिरसाळ्याच्या डॉक्टरकडं गोळी नव्हती, परळीच्या दवाखान्यात इंजेक्शन नव्हतं, कारण दुखण्याचं नाव छबुबाई होतं आणि ते बांधाच्या पलीकडं धडधाकट हिंडत होतं.

छबुबाई म्हणजे तिची धाकटी जाऊ. सिरसाळ्याच्या शिवारात दोघींची रानं एकमेकींना लागून. वाटणीत सासऱ्यानं थोरल्या आप्पारावाला वरचं रान दिलं, धाकट्या उत्तरेश्वराला खालचं. मध्ये एक बांध. आता पाणी काय आणि माती काय, दोन्ही उताराला जाणार, त्यात कुणाचा दोष? पण दर पावसाळ्यात वरची चार पाट्या माती खाली गेली की सुंदरबाई बांधावर उभी राहून खालच्या रानाकडं अशी बघायची, की जणू छबुबाई स्वतः फावडं घेऊन रात्रीतून भरून घेऊन गेली आहे.

तसं बघायला गेलं तर तिचं एकेक दुखणं खरंच होतं. दोघी एकाच वर्षी बाळंत झाल्या, छबुबाईला पोरगा झाला आणि सुंदरबाईला पोरगी. छबुबाईकडं कुकर आला. त्याची पहिली शिट्टी बांध ओलांडून ऐकू आली तेव्हा सुंदरबाईची तव्यावरची भाकरी जळाली, आणि तिनं नवऱ्याचं डोकं खाऊन खाऊन स्वतःलाही कुकर आणला. तो तिनं अंगणात तीन दगडांच्या चुलीवर ठेवला, मुद्दाम, शिट्टी खाली जावी म्हणून. त्याच आठवड्यात छबुबाईकडं गॅस आला. झालं! मग रंगीत टीव्ही आला, फटफटी आली, दुकानातून पुडीतला शाम्पू आला आणि छबुबाईचे केस वाऱ्यावर उडायला लागले. देशात सगळं खुलं झालंय म्हणे, असं आप्पाराव पारावर ऐकून यायचा. सुंदरबाई म्हणायची, "खुलं झालं आसंल तर खालच्या रानात झालंय. आमच्याकडं अजून दार लावलेलंच हाय."

पण तिला वाईट बाई म्हणाल तर माझं तुमचं भांडण होईल. छबुबाईला टायफॉइड झाला तेव्हा तिची दोन्ही पोरं सुंदरबाईनंच सांभाळली, तिला पेज करून पाजली, तिची लुगडी धुतली. ती उठून हिंडाफिरायला लागली तेव्हा सुंदरबाईनं खरोखर देवापुढं नारळ फोडला. मग दुखण्यातून उठलेल्या छबुबाईचा रंग उजळला. गावात बाया म्हणायला लागल्या, छबुबाई कशी गोरीपान दिसतीय. तेव्हा सुंदरबाई घरी येऊन म्हणाली, "त्यो नारळ नाहक फोडला."

एक गोष्ट मात्र तिच्याजवळ होती, जी छबुबाईजवळ नव्हती. आप्पारावाच्या रानात कधी युरियाचा दाणा पडला नव्हता. सासऱ्याच्या वेळेपासून शेणखत, उकिरड्याचं खत, मेंढरं बसवणं, एवढंच. खाली उत्तरेश्वर दरसाल पोत्यावर पोती ओतायचा, त्याची ज्वारी कमरेला लागायची तेव्हा हिची गुडघ्याला असायची. पण हिच्या भाकरीला चव होती. ते सगळा गाव कबूल करायचा. छबुबाईसुद्धा, पाव्हणे आले की, पायलीभर ज्वारी वरून मागून न्यायची. सुंदरबाई ती मापाच्या वर दोन मुठी जास्त घालून द्यायची, आणि त्या दोन मुठींवर तिचा महिना सुखात जायचा.

आणि मग सरकारला शेणाची आठवण झाली.

तालुक्याचे कृषी खात्याचे मोठे साहेब जीपमधून आले, ग्रामपंचायतीपुढं सतरंज्या टाकल्या, चहा झाला. साहेब म्हणाले, रासायनिक खतानं जमीन मरते आहे, आता सेंद्रिय शेती करायची, सरकार अनुदान देणार. गांडूळ खताचं शेड मिळणार, फवारणीचा पंप मिळणार, आणि माल विकायचा म्हटला तर पिठाची गिरणी आणि पाकिटं बंद करायचं यंत्रसुद्धा अर्ध्या पैशात. सगळं घरातल्या बाईच्या नावावर. सुंदरबाई बायांच्या घोळक्यात पुढं सरकून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा सरकार तिच्या रानाबद्दल बोलत होतं.

"युरिया कोण कोण वापरतं? हात वर करा," साहेब म्हणाले. उत्तरेश्वराचा हात सगळ्यांच्या आधी वर. आप्पाराव तसाच बसलेला.

"तुम्ही काका?"

"आमी कधी टाकलाच न्हाई साहेब. वडलांपासून न्हाई."

साहेबांना फार आनंद झाला. त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आणि म्हणाले, "मग तुम्हाला योजनेची गरजच नाही. तुम्ही आधीच सेंद्रिय. योजना युरिया सोडणाऱ्यांसाठी आहे."

टाळ्यांचा आवाज सुंदरबाईच्या कानात घरी येईपर्यंत वाजत होता. आप्पाराव बिचारा हसत हसत चालला होता. गावानं टाळ्या वाजवल्या ह्यातच तो खुश. हा माणूस असाच. कुणाचं बरं झालं तरी हसायचा, वाईट झालं तरी मान हलवायचा. गावात त्याला देवमाणूस म्हणायचे, आणि देवमाणसाच्या नशिबी अशी बायको कशी आली, हेही म्हणायचे. सुंदरबाईनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं.

तर छबुबाईच्या रानात शेड झालं. शेणाच्या वाफ्यांत गांडुळं सोडली. गिरणी आली. औरंगाबादच्या प्रदर्शनात "सेंद्रिय ज्वारीचे पीठ" म्हणून तिची पाकिटं विकली गेली, आणि तिथून ती नवीन इरकल नेसून आली. हे सगळं सुंदरबाईनं गिळलं. पण बांधाच्या कडेला, सडकेवरून दिसेल असा, पत्र्याचा हिरवा पाटा, नावाचा फलक, उभा राहिला. सेंद्रिय शेती प्रात्यक्षिक, आणि खाली मोठ्या पांढऱ्या अक्षरांत, सौ. छबुबाई. तो गिळता येईना. सुंदरबाईचं नाव आजवर राशन कार्डात आणि मतदार यादीत, बस्स. लग्नात आलेली भांडीसुद्धा सासऱ्याच्या नावाची. आणि काल-परवापर्यंत पोती ओतणारी ही बया, हिचं नाव परळीला जाणारी एसटी रोज वाचत जाते! एकदा एसटीतल्या एका बाईनं सुंदरबाईलाच विचारलं, "तुमीच का हो त्या छबुबाई?" त्या दिवशी ती जेवली नाही.

तिला तो पाटा हवा होता. शेड नको, गिरणी नको, पाकिटं नकोत. एक पाटा, वरच्या रानात, तिच्या नावाचा. ती आप्पारावाला म्हणाली, "अवो, साहेबाला जाऊन भेटा की." तो गेला, भेटला, चहा पिऊन परत आला.

पुढच्या वर्षी रब्बीची ज्वारी मांडीला लागली होती तेव्हाची गोष्ट. कृषी सहायक राधाकिशन, पोट सुटलेला, गोड बोलणारा माणूस, छबुबाईच्या शेडमध्ये बसून चहा पीत होता. सुंदरबाई बांधाच्या अलीकडं खुरपत होती, ज्वारीत बसलेली, दिसत नव्हती.

"येळवसेच्या सणाला साहेब येतेत तपासणीला," राधाकिशन म्हणाला. "जेवण बी हुईल, काम बी हुईल. अनुदानाचा बाकीचा हप्ता मग सुटतो. फकस्त वरच्या बांधाचं बी बघतेत हां. वरून युरियाचं पाणी खाली आलं की तुमचं सेंद्रिय संपलं, हप्ता थांबला. पण तुमाला काय घोर? वर सुंदरकाकूचं रान हाय."

छबुबाई हसली. "आमच्या बाईच्या रानात कुठला आलाय युरिया! पोतं घ्यायची ऐपत पायजे की त्याला."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं. पण ती हसून म्हणाली, चहा ओतता ओतता, मनात काही नसताना. आणि खरं सांगायचं तर ते खरं होतं. सुरुवातीला पोतं घ्यायला जमत नव्हतं म्हणूनच घेतलं नव्हतं. मग त्याचं व्रत झालं, मग त्याचा अभिमान झाला. इतकी वर्षं जपलेली एकुलती एक गोष्ट त्या बाईनं एका वाक्यात गरिबी करून टाकली. सुंदरबाईच्या हातातलं खुरपं ज्वारीच्या बुडख्यात कचकन बसलं.

बाजारच्या दिवशी ती सिद्धेश्वर आप्पांच्या खताच्या दुकानात उभी. आप्पांनी नवलानं कपाळावरच्या भस्माला हात लावला.

"सुंदरबाई, तुमी? युरिया?"

"भावाला धाडायचाय. माहेरला."

"माहेरला खताची दुकानं बंद झाली का काय!" आप्पा म्हणाले, पण पोतं दिलं. गिऱ्हाईकाला जास्त विचारू नये हे त्यांना कळत होतं. घरी तिनं आप्पारावाला सांगितलं, म्हशीला सरकी पेंड आणलीय. त्यानं मान हलवली.

तो एका सोयरिकीच्या बैठकीला परळीला गेला तेव्हा तिनं पोतं फोडलं. विहिरीच्या कोपऱ्यापासून बाभळीपर्यंत, जिथून दंडातलं, पिकाला सोडलेलं पाणी बांध फोडून खाली उतरतं, तेवढ्याच पट्ट्यात. आणि इथं तिनं जी चूक केली ती वरच्या रानातलीच बाई करू जाणे. जन्मभर तिच्या हाताला शेणखताची सवय. शेणखत कसं टाकतात? पाटी भरायची आणि रिकामी करायची, हात आखडायचा नाही. तिनं युरिया तसाच टाकला. पाटी भरभरून, बुडाशी, ढीग लावून. पांढरेशुभ्र दाणे, वासबीस काही नाही. तिला वाटलं, ह्यात काय एवढं? हे साबुदाण्यासारखं, ह्यानं काय होणार? म्हणून वरून अजून एक पाटी, आणि दिसू नये म्हणून त्यावर माती.

दुसऱ्या दिवशी आप्पारावानं नेहमीप्रमाणं त्या अंगाला पाणी सोडलं. पाणी पट्ट्यातून गेलं, बांधाच्या फटीतून खाली उतरलं, छबुबाईच्या ज्वारीत शिरलं. सुंदरबाई कडेला उभी राहून बघत होती. जा, म्हणाली मनात. जा खाली. आजवर माझी माती नेलीस, आता हे घे.

आणि तीन-चार दिवसांनी राधाकिशनची फटफटी वर आली. खाली नाही, वर!

"काकू, तोंड गोड करा. औंदा नवीन हुकूम आलाय. गावात एक तरी आसं रान दाखवायचं, जिथं कधीच रसायन पडलेलं न्हाई. लोकान्ला दाखवायला. म्यां तुमचं नाव धाडलं. पाटा रंगवून तयार हाय, सौ. सुंदरबाई आप्पाराव. येळवसेला साहेब रान बघतेत, मनाला आलं की लगेच रोवतेत."

तिनं त्याला गूळ दिला, पाणी दिलं, परत गूळ दिला. राधाकिशन म्हणाला, "काकू, आनंदानं तुमचं ध्यान न्हाई," आणि निघून गेला. ती तशीच धावत पट्ट्याकडं गेली. ज्वारीची पानं शेंड्याकडून पिवळी पडायला लागली होती.

मग तिचे हाल सुरू झाले. रोज पहाटे उठून बघायची. पट्टा रोज आणखी करपत होता. पानं सुकली, ताटं माना टाकून उभी राहिली. तिनं थोडी उपटली, तर तिथं टक्कल पडलं आणि जास्तच दिसायला लागलं. आप्पारावाला तिनं सांगितलं, रोग पडलाय, आणि त्यानं मान हलवली. आणि बांधाच्या खाली? अहो, खाली मजा झाली होती. वरून जिरून, पातळ होऊन गेलेला युरिया छबुबाईच्या ज्वारीला असा मानवला, की तिची कडेची ताटं काळीभोर हिरवी, हाताएवढी पानं, पुरुषभर उंच. हिनं पोतं आणलं, हिनं चोरून टाकलं, हिचं रान करपलं, आणि पीक तिचं! सुंदरबाई बांधावर बसून रडली. तिला पाप केल्याचं रडू येत नव्हतं. देवसुद्धा छबुबाईच्याच बाजूचा, ह्याचं रडू येत होतं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही; सगळा गाव रानात. ज्वारीच्या ताटांची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव, त्यांची पूजा. डेऱ्यातली आंबट आंबील, हिरव्या दाण्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे. वाटेवरचा कुणीही असो, त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. अधिकारी लोकांना हे बरोबर माहीत असतं, म्हणून त्यांच्या तपासण्या त्याच दिवशी निघतात.

आप्पारावाची कोप पिढ्यान् पिढ्या बाभळीखाली व्हायची. त्या वर्षी सुंदरबाईनं हट्ट धरला, कोप विहिरीच्या कोपऱ्यात घाला.

"तिथं कावून?"

"मला सपान पडलं. लक्ष्मी आली, म्हणली औंदा मला तिथं बसीव."

लक्ष्मीपुढं आप्पाराव काय बोलणार? कोप तिथं झाली, आणि नेहमीच्या दुप्पट. वर तिनं दोन्ही अंगांना जुनी लुगडी बांधली, तंबूसारखी, करपलेला पट्टा झाकेल अशी. पण येळवसेला आंबील शिंपडत सगळ्या रानाला वेढा घालावा लागतो, बांधाबांधानं. त्याचाही तिनं विचार केला होता. सकाळपासून नवऱ्याच्या मागं लागली, साहेब यायच्या आत शिंपडून घ्या. आप्पाराव म्हणाला, "पावण्यान्ला सोडून? येडी का काय तू?"

जीप आली. साहेब आधी खाली छबुबाईकडं जेवले. मग वर आले. जीपच्या मागच्या बाजूनं हिरव्या पत्र्याचा कोपरा बाहेर डोकावत होता, आणि सुंदरबाईची नजर तिथून हलेना. छबुबाई आणि उत्तरेश्वरही वर आले होते. येळवसेला एकमेकांच्या कोपीवर जायचंच, भांडण असलं तरी. पूजा झाली. आप्पारावानं आंबिलीचा गडू उचलला, पळसाच्या पानानं शिंपडत निघाला. मागं सगळे ओरडत, ओलगे ओलगे सालम पोलगे! साहेबही हसत हसत निघाले. "चला, बांध फिरणं हे आमचं कामच आहे."

पलीकडची कड गेली, सडकेची कड गेली, आणि खालचा बांध आला. साहेब थबकले. छबुबाईची कडेची ज्वारी बघून त्यांचे डोळे चमकले.

"वा! वा! राधाकिशन, बघितलं? ही गांडूळ खताची करामत! फोटो घ्या, फोटो!"

फोटो घेतला. छबुबाई पदर सावरून उभी राहिली. सुंदरबाईला वाटलं, आपण इथंच मरून पडावं. आणि फोटो झाल्यावर साहेब वळले ते थेट लुगड्याच्या मागं.

"आणि हे काय झालंय?"

करपलेला पट्टा सगळ्यांसमोर. आप्पारावानं जवळ जाऊन पान चुरगळून बघितलं. "रोग पडलाय वाटतं साहेब."

"रोग असा सरळ रेषेत पडतो? काका, खरं सांगा. इथं काय टाकलंत?"

उत्तरेश्वराला काही कळलं नाही, तो वर-खाली बघत होता. पण छबुबाई पंधरा वर्षं युरिया ओतणाऱ्याची बायको. तिनं एकदा करपलेल्या ताटांकडं बघितलं, एकदा स्वतःच्या काळ्याभोर ज्वारीकडं, आणि मग सुंदरबाईकडं. तिला सगळं कळलं.

आप्पारावाचा चेहरा लाल झाला होता. आजवर त्याला कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. "साहेब, माझ्या बापानं टाकला न्हाई, म्यां टाकला न्हाई. ह्या रानात युरियाचा एक दाणा बी पडलेला न्हाई. चला कोपीत. पांडवांवर हात ठिवून सांगतो."

तो कोपीकडं निघाला. छबुबाईनं सुंदरबाईचं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी पुटपुटली, "बाई, गप ऱ्हावा. भावजींनी आन घेतली की साहेब मानतेत. तुमचा बी पाटा हुतोय, माझा बी हप्ता सुटतोय. दोघींचं बी हुतंय."

दोघींचं! सुंदरबाईला एक क्षण ते डोळ्यांपुढं दिसलं. बांधाच्या अलीकडं एक पाटा, पलीकडं एक पाटा. एसटीतल्या बाया दोन्ही नावं वाचतायत. लग्न झाल्यापासून तिला दुसरं काय पाहिजे होतं? फक्त बरोबरी. आणि ती फुकटात हातात येत होती, नुसतं तोंड बंद ठेवलं की झालं.

आप्पाराव कोपीपुढं वाकला. त्यानं धोतराला हात पुसले. खोटी आन नकळत घेतली तरी ती लागते, हे तिला आईनं सांगितलं होतं, तिच्या आईला तिच्या आईनं. त्या माणसाचा हात पहिल्या दगडाकडं जायला लागला.

"थांबा!" सुंदरबाई ओरडली. "हात लावू नगा! म्यां टाकलाय. पोतंभर. हिचा हप्ता थांबावा म्हणून म्यां टाकलाय."

आप्पारावानं हात मागं घेतला.

साहेब सज्जन माणूस. ओरडले नाहीत. पण पाटा जीपमध्येच राहिला, आणि छबुबाईचा हप्ताही पुढल्या हंगामाच्या तपासणीपर्यंत थांबला, कारण पाणी तिच्या रानात गेलं होतं. उत्तरेश्वरानं वहिनीला नको नको ते बोलून घेतलं, मग जीपच्या मागं पळाला. सुंदरबाईनं पुढं केलेली आंबिलीची वाटी छबुबाईनं घेतली नाही, तशीच बांध उतरून गेली. आणि खोटं कशाला बोला, तिची ती उतरलेली मान बघून सुंदरबाईला घटकाभर बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून फार वाईट वाटलं.

दिवस कलला तेव्हा दोघांनी भांडी गाडीत भरली. आप्पारावानं बैल जुंपले, पण हाकले नाहीत. कासरा हातात धरून बसून राहिला.

"कावून टाकलास?"

"मला तिचं बघवत न्हाई," सुंदरबाई म्हणाली. आता लपवायला उरलंच काय होतं? "लगीन झाल्यापासून बघवत न्हाई. तिचं काय बी चांगलं झालं की माझ्या आतड्याला पीळ पडतो. मारा, हाना, माहेरी धाडा, पर हे आसं हाय."

आप्पारावानं कासरा बोटाला गुंडाळला.

"मला बी न्हाई बघवत," तो म्हणाला. "उत्तऱ्याचं. ल्हानपणापासून न्हाई बघवत."

सुंदरबाईनं वळून त्याच्याकडं बघितलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला थट्टा करता यायचीच नाही.

"मग आजपत्तर कधी बोलला न्हाईत ते?"

"तू बोलत हुतीस की. रोज बोलायचीस. मला नुसतं आयकून बरं वाटायचं."

सगळा गाव तिला जळकुकडी म्हणत होता. ह्या देवमाणसाला अशी बायको कशी मिळाली म्हणत होता. पाणवठ्यावर ती आली की बाया गप्प व्हायच्या. इतकी वर्षं. आणि हा बाबा ओसरीवर बसून, मान हलवत, तिच्या तोंडून स्वतःचं पोट हलकं करून घेत होता!

"म्हंजे बदनामी माझी, आन् समाधान तुमचं?"

आप्पारावानं बैलांना हाळी दिली, गाडी हलली, भांडी एकमेकांवर वाजायला लागली. पांदीत शिरल्यावर तो हळूच म्हणाला, "पर टाकायचाच हुता तर मला इचारायचं हुतंस. युरिया पाटीनं न्हाई टाकत. मुठीनं टाकतेत, बुडापासून चार बोटं लांब, आन् मग पाणी."

"तुमाला काय ठाऊक? तुमी कधी टाकलाय?"

"उत्तऱ्या टाकायचा तवा बघत हुतो," आप्पाराव म्हणाला. "दरसाल बघत हुतो, बांधावर हुबा ऱ्हाऊन."